आवाज न करणारा हीटर

रोझेर एंबोला आयुष्यात एकच काम मनापासून जमलं, ते म्हणजे माणसाला मारणं. सेंट-एलोईच्या कागद गिरणीत ओंडक्यांची साल काढणाऱ्या यंत्रावर त्याने कितीतरी हिवाळे काढले, पण त्याबद्दल गावात कुणी चकार शब्द काढत नसे. शनिवारी संध्याकाळी गिरणीच्या हॉकी संघाची हिरवी जर्सी घालून तो बर्फावर उतरला, की मात्र बाकांवरची माणसं बूट आपटायला लागायची. बायका, म्हातारे, गिरणीचे मुकादम, सगळेच.

हे शिक्षण घरातलंच. बाप ओनेझिम हिवाळाभर जंगलतोडीच्या तळावर असायचा आणि बर्फ वितळल्यावर घरी आला की पोरांना घोड्याच्या पट्ट्याने सोलून काढायचा. रोझेर थोरला, म्हणून पहिला मान त्याचा. मिसरूड फुटल्यावर एका वसंतात त्याने तो पट्टा वरच्यावर धरला, हिसकला आणि बापाला अंगणातल्या चिखलात लोळवला. छातीवर बसून इतका बदडला की बापाचा जबडा महिनाभर बांधून ठेवावा लागला. आई खिडकीतून बघत होती. ती बाहेर आली नाही. रोझेर आत आल्यावर तिने त्याला वाढलं, एवढंच.

ही गोष्ट गावभर झाली आणि कोच फिलमाँच्या कानावर गेली. त्याने रोझेरला बोलावून घेतलं, बर्फावर दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि मान हलवली.

"पोरा, तुला स्केटवर धड वळता येत नाही. काठी तर तू कालवण ढवळल्यासारखी धरतोस. पण हातात जोर आहे तुझ्या. आपल्या गोल करणाऱ्या पोरांना कुणी धक्का दिला, की त्याची कणीक तिंबायची. बाकी काही करू नकोस."

"आणि त्याने मला मारलं तर?"

"तर त्याला अजून दोन ठेवून द्यायच्या. यात विचारण्यासारखं काय आहे?"

रोझेर लवकर तयार झाला. डाव्या हाताने समोरच्याची जर्सी पाठीवरून धरायची आणि डोक्यावरून पुढे ओढायची, म्हणजे त्याचे हात बाह्यांत अडकतात आणि त्याला काही दिसत नाही. मग उजव्याने खालून वर ठोसे. बर्फावर रक्त सांडलं की गुलाबी होऊन गोठायचं, पोरं ते फावड्याने खरवडून काढायची आणि खेळ पुढे सुरू व्हायचा. त्याचं नाक इतक्यांदा मोडलं की शेवटी डॉक्टरने ते सरळ करायचा नाद सोडला. उजव्या हाताची बोटं मोडली, वाकडी जुळली, पुन्हा मोडली. सामना संपल्यावर गावचा पाद्री स्वतः त्याला बिअर पाजायचा. "रोझेर, बाळा, आज जरा जास्तच झालं," म्हणायचा, आणि वर हसायचा.

तलावापलीकडच्या व्हाल-ब्रुले गावाच्या संघात हेच काम लेआंद्र ब्वाली करायचा. दोघे एकाच वयाचे, एकाच वजनाचे. दर हिवाळ्यात त्यांची चार-पाचदा जुंपायची; कधी याचे दात पडायचे, कधी त्याच्या बरगड्या मोडायच्या. वैर असं काही नव्हतं. बर्फाबाहेर ते एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

एका फेब्रुवारीत लेआंद्र डाव्या भुवईवर ताजे टाके घेऊन उतरला. रोझेरला ते लांबूनच दिसले. फुटलेल्या जागी मारायचं, हा या धंद्याचा पहिला नियम. पहिल्या ठोशात टाके उसवले. दुसऱ्यात लेआंद्र गुडघ्यांवर आला. पंच रोझेरच्या खांद्याला लोंबकळत होता, तरी तिसरा ठोसा बसलाच. त्या वेळी हाडाखाली काहीतरी वेगळं लागलं, मऊ, पिकल्या फळासारखं. बाकांवर बूट आपटत होते. रोझेरने हात वर केला आणि तसाच बाकाकडे गेला.

लेआंद्रचा डावा डोळा गेला. रोझेरला त्या मोसमापुरतं बसवलं, पुढच्या शरदात हिरवी जर्सी पुन्हा त्याच्या अंगावर चढली. लेआंद्र दवाखान्यात होता तेव्हा पिएरेटशी त्याचं नुकतंच लग्न झालं होतं.

"दवाखान्यात जाऊन भेटून तरी ये त्याला," ती म्हणाली.

"कशाला? धंदा आहे तो. त्यालाही मला असंच मारायचं होतं."

"तो मारणार होता, पण मारलंस तू."

रोझेर गेला नाही.

चाळिशीनंतर त्याचं डोकं बिघडत गेलं. इतक्या वर्षांत जेवढे ठोसे दिले तेवढे डोक्याने घेतलेही होते. आधी उजेड सहन होईना, मग आवाज. फ्रीजची घरघर, बशीवर चमचा वाजणं, शेजाऱ्याची बर्फ फेकायची मशीन, कशानेही कवटीत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं आणि त्यामागून राग यायचा. त्याने दारं फोडली. टीव्ही उचलून खिडकीतून बर्फात टाकला. गिरणीत मुकादम शीळ घालत होता म्हणून त्याला भिंतीला लावून चोपला. तेव्हा यंत्रावरून काढून त्याला रात्रपाळीच्या फाटकावर बसवलं. पिएरेट घरात मोजे घालून चालायची, भांडी टॉवेलवर ठेवायची. बायकांनी विचारलं तर म्हणायची, दमतो हल्ली.

नाताळच्या आधी ती मांसाच्या कचोऱ्यांसाठी यंत्रावर खिमा काढत होती. यंत्र गुरगुरत होतं.

"बंद कर ते," रोझेर म्हणाला.

"झालंच, थोडंसंच राहिलंय."

त्याने तिचे दोन्ही दंड धरले, उचललं आणि फ्रीजवर फेकलं. तिचं खांद्याजवळचं हाड मोडलं, तो आवाज त्याने ऐकला. असे आवाज तो ओळखत होता. यंत्र चालूच होतं. त्याने वायर भिंतीतून उपटली. मग घर शांत झालं, आणि त्या शांततेत खाली पडलेल्या पिएरेटचं तुटक तुटक श्वास घेणं तेवढं उरलं.

त्यांची मुलगी जोझे मालट्रक चालवायची. दवाखान्यातून ती सरळ घरी आली, अंगणातलं बर्फाचं फावडं उचललं आणि बापाच्या पाठीत घातलं. मग पुन्हा घातलं. रोझेर हात खाली सोडून उभा राहिला. फावड्याचा दांडा मोडला तेव्हा जोझे रडायला लागली.

पोलीस आले, कोर्ट झालं, घराच्या आसपास फिरकायची त्याला वर्षभर बंदी झाली. जोझेने आईला आपल्याकडे यायचा आग्रह केला.

"घर माझ्या बापाचं आहे," मोडका हात गळ्यात अडकवलेली पिएरेट म्हणाली. "मी का जाऊ? जायचं त्याने."

रोझेर तलावाकाठच्या मासेमारीच्या खोपटात राहिला. दुसऱ्या हिवाळ्यात त्याच्या पायाची दोन बोटं काळी पडली, कापावी लागली. बंदीची मुदत तोवर संपली होती. दवाखान्याने घरचं कोणी आहे का विचारलं, तेव्हा त्याने नकारार्थी मान हलवली. तरी कुणीतरी पिएरेटला फोन केलाच.

ती त्याला न्यायला आली. गाडीत तिने समोर बघतच सांगितलं, "मागच्या खोलीत राहायचं. स्वयंपाकघरात मी असेन तेव्हा विचारून यायचं. संध्याकाळी मधलं दार माझ्या बाजूने लागेल. कडीचा आवाज येईल, तेवढा सोसायचा."

"बरं."

"आणि हात उगारलास तर जोझेला बोलावणार नाही. बंदूक अजून बाबांच्याच कपाटात आहे."

मागची खोली म्हणजे एकेकाळचा उघडा व्हरांडा. कुणीतरी फळ्या ठोकून बंद केलेला. सकाळी रोझेरच्या पांघरुणावर त्याच्याच श्वासाचं दव गोठलेलं असायचं आणि उजवी मूठ उघडायला वेळ लागायचा. जोझेने गराजमधला पंख्याचा हीटर धाडला. तो ऊब झटकन द्यायचा, पण भणभणायचा. रोझेरने तीन दिवस कानात कापूस घालून काढले आणि चौथ्या दिवशी त्याला बुटाखाली चिरडून त्याचा चुरा केला. मग एक जुना हीटर मिळाला, लाल तारा तापणारा. तो मुका होता. पण पहाटे झोपेत गोधडी सरकली आणि तारांवर पडली. धूर झाला, रोझेरच्या पोटरीचं कातडं भाजलं. पिएरेटने कडी काढली आणि भांडी घासायचा टब त्याच्यावर उपडा केला, खरकट्यासकट.

"आता जाळायचं बाकी होतं, तेही करून टाक," ती म्हणाली.

तो भिजून बसला होता.

"व्हाल-ब्रुलेला जा. तिथलं हार्डवेअरचं दुकान चालू आहे. नीट विचारून हीटर आण. पंखा नको, उघडी तार नको."

"तिथे कोण कामाला आहे, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. हीटरमधलं त्याला कळतं म्हणतात."

दुकानात चांगली ऊब होती. मालकीण कोलंब गल्ल्यावर बसून विणत होती. लेआंद्र ब्वाली शिडीवर चढून खोकी लावत होता. त्याने मान वळवली. उजवा डोळा रोझेरवर आला, डावा काचेचा होता, तो खोक्यांकडेच राहिला. तो सावकाश खाली उतरला.

"काय पाहिजे?"

"हीटर. झोपायच्या खोलीत लावायला."

"केवढी खोली?"

"दहा बाय बारा. नुसत्या फळ्या आहेत. व्हरांडा होता आधी."

"व्हरांड्यात कुत्रं झोपतं," लेआंद्र म्हणाला. "म्हणजे बायकोने हाकललं ते खरं. मला वाटलं, लोक उगाच बोलतात."

रोझेरने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. "हीटर दाखव."

"दाखवतो की. एवढं सांग, बाईमाणसाला मारतानाही आधी डोक्यावरून कपडा ओढलास का? की ती समोरून बघत होती?"

"लेआंद्र, मी भांडायला आलो नाही."

"मी कुठे आलोय? मी इथेच असतो."

असं म्हणून त्याने चष्मा काढला, घडी घालून फळीवर ठेवला आणि रोझेरच्या कानाखाली ठोसा दिला. डोक्यात देवळाची घंटा वाजावी तसं झालं. दुसरा ठोसा तोंडावर बसला, ओठ दातांत फाटला. रोझेरचे हात खिशातून आपोआप निघाले. त्याला विचार करावा लागलाच नाही. डाव्याने लेआंद्रचा कामाचा झगा पाठीवरून धरला, डोक्यावरून पुढे ओढला, आणि उजवा हात वर गेला. तीस वर्षांनीही सगळं जागच्या जागी होतं.

झग्याखालून लेआंद्रचा दबका आवाज आला. "मार. एक उरलाय अजून, तोही घे."

हात थांबला असं नाही. हात निघाला होता, आणि रोझेरचा निघालेला हात कधी थांबत नसे. त्याने अख्खं अंग फिरवलं तेव्हा ठोसा बाजूच्या मांडणीच्या लोखंडी खांबावर बसला. हाड मोडल्याचा तो ओळखीचा आवाज या वेळी त्याच्याच हातातून आला. मांडणी डगमगली आणि खोक्यांसकट दोघांवर कोसळली. खालून लेआंद्र त्याच्या बरगड्यांत गुडघा घालत होता. रोझेरने त्याला कवटाळून धरलं, मारता येऊ नये म्हणून, आणि दोघे मांडणीच्या पत्र्यांत लोळत राहिले. तेवढ्यात कोलंबने झाडूच्या दांड्याने दोघांना सारखंच बडवायला सुरुवात केली.

"थेरड्यांनो, नातवंडं झाली तुम्हाला. उठा. हे सगळं आता कोण उचलणार, तुमचे बाप?"

रोझेरने शिव्या देताना चर्चमधल्या वेदीपासून तीर्थाच्या पेल्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला, तशी कोलंबने त्याला आणखी एक दिला.

ते उठू शकले नाहीत. भिंतीला टेकून शेजारी शेजारी बसले. लेआंद्रच्या नाकातून रक्त गळत होतं, रोझेरचा हात बघता बघता सुजत होता. कोलंबने दोघांपुढे एक एक चिंधी टाकली आणि पुन्हा विणायला बसली.

रोझेर म्हणाला, "यातला वीज कमी खाणारा कोणता?"

लेआंद्रने नाक पुसलं. "कुठलाच नाही. जेवढी वीज खाईल तेवढीच ऊब देणार, सगळे सारखे. खोक्यावर काहीही छापू देत. फरक एवढाच की ऊब खोलीत राहते का, आणि पुरेसं झाल्यावर हीटर आपला आपण बंद होतो का. तुझ्या फळ्यांत काचेची लोकर भर आधी. नाहीतर अंगणातला बर्फ तापवत बसशील."

"आवाज नको त्याला. अजिबात. डोकं फुटतं."

लेआंद्रने अख्खी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. डाव्या बाजूला बसलेलं माणूस बघायचं तर त्याला मानच वळवावी लागे.

"तुझंही?"

"आवाजाने. दिव्यानेही."

"माझं उजेडाने. आणि नावं विसरतो. नातीचं नाव विसरलो परवा." त्याने चिंधीची घडी पालटली. "आत तेल भरलेला असतो, तो घे म्हणालो असतो. मुका असतो, सावकाश तापतो, सावकाश निवतो. पण तुझ्या व्हरांड्यात वीज येते कुठून?"

"स्वयंपाकघरातून. वायर ओढलीय दाराखालून."

"म्हणजे एक दिवस पेटशील. आणि तुझ्यासोबत ती बाईही." तो भिंत धरून उठला. "तुला भिंतीवरचा लागेल, त्याला वेगळी लाइन टाकून. एवढ्या खोलीला बाराशे वॉट पुरतात, तुझ्या भिंतींना पंधराशे घे. जुने टक टक करत चालू-बंद होतात. हा करत नाही. इकडे ये."

एक हीटर दुकानाच्या भिंतीवर दाखवायला लावलेला होता. लेआंद्रने तो चालू केला. दोघे त्याच्यासमोर उकिडवे बसले, रक्ताळलेली तोंडं पुढे करून, आणि ऐकत राहिले. कोलंबनेही विणणं थांबवलं. पत्रा तापताना एकदा टिक असा वाजला. मग काही नाही. नुसती ऊब हळूहळू गुडघ्यांवर, मग हातांवर, मग तोंडावर आली. रोझेरच्या सुजलेल्या हाताला ती झोंबली, तरी त्याने हात मागे घेतला नाही.

"पहिले दोन दिवस असा वाजेल," लेआंद्र म्हणाला. "मग तेही नाही. शनिवारी येऊन बसवतो. तुझ्यासाठी येत नाहीये, हे ध्यानात ठेव."

शनिवारी तो आला. लोकरीच्या गुंडाळ्या, वायरी, हत्यारं. रोझेरचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून तो फक्त फळ्या धरायला उभा राहिला. दिवसभरात दोघांत "धर" आणि "सोड" याखेरीज काही बोलणं झालं नाही. काम आटोपल्यावर पिएरेटने लेआंद्रला आत बोलावून पिवळ्या वाटाण्याचं सूप वाढलं. रोझेर व्हरांड्यात खिळे गोळा करत होता. दार उघडं होतं.

"माफी मागितली त्याने तुमची?" लेआंद्रने विचारलं.

"नाही. तुमची?"

"नाही."

"अजून घ्या सूप," पिएरेट म्हणाली.

लेआंद्रने घेतलं. जाताना रोझेरकडे बघून तो म्हणाला, "एकोणीस अंशांवर ठेव. त्यापुढे नेऊ नकोस, गरज नाही."

त्या हिवाळ्यात रोझेरला कित्येक वर्षांनी झोप लागली. पांघरुणावर बर्फ नव्हता, कवटीत खिळे नव्हते. पण राग गेला असं म्हणणं खोटं होईल. मार्चमध्ये छतावरून बर्फाची लादी धाडकन कोसळली आणि त्याने उठून नव्या भिंतीला बुक्क्या घातल्या, प्लास्टरसकट, भिंतीतली लोकर दिसेपर्यंत. पलीकडे पिएरेटच्या पावलांचा आवाज झाला आणि मग कपाटाचं दार उघडल्याचा. रोझेर खाली बसला. कपाटाचं दार बऱ्याच वेळाने लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कडी लावायला आली तेव्हा तो दाराशी उभा होता, दोन पावलं मागे, हात मागे बांधून.

"पिएरेट, तुझं हाड मी मोडलं."

"माहीत आहे. मी तिथेच होते."

"मला म्हणायचंय की..."

"म्हण की मग."

तिने वाट बघितली. तवा तापायला ठेवला होता, तो जळायला लागला तशी तिने वळून बघितलं, पण ती गेली नाही. शेवटी तो म्हणाला, "चूक झाली. मोठी."

"हो," पिएरेट म्हणाली, आणि दार लावून घेतलं. कडी नेहमीसारखीच वाजली.

लेआंद्रला त्याने तेवढंही कधी म्हटलं नाही. बर्फ वितळल्यावर एकदा ब्लूबेरीची रोपं घेऊन व्हाल-ब्रुलेला गेला आणि कोलंबच्या गल्ल्यावर ठेवून आला.

रोझेर आणखी सहा हिवाळे त्या खोलीत राहिला. शेवटच्या दोन वर्षांत त्याला पिएरेटचं नाव आठवत नसे, पण ती स्वयंपाकघरात आली की तो न सांगता उठून मागे जायचा. एका मे महिन्यात सकाळी तो उठला नाही.

वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर जोझे टेबलाशी बसून जुळवत होती.

"हॉकीचं लिहायचं का गं आई? लोकांना तेच आठवतं."

पिएरेट कांदा चिरत होती. जोरात, फळीवर सुरी वाजवत.

"नको," ती म्हणाली. "गिरणीचं लिही."